अधिकार कोणाचा?



वाचक सज्जनहो, या खेपेस अठराव्या अध्यायातील स्वकर्मपूजेच्या प्रसंगाचे निरूपण लिहावे असे मनात होते. टिपणेही काढून ठेवली होती. पण मध्यंतरी मुंबईस नाहूर येथे सप्ताहात कीर्तनसेवा झाली, आणि तेथे एका गृहस्थांनी असा प्रश्न टाकला की ती टिपणे जागच्या जागी राहिली. प्रश्न मोठा होता आणि आमचे उत्तर चुकले. कीर्तनकाराची चूक चारचौघांत झाली तर तिची दुरुस्तीही चारचौघांत व्हावी, म्हणून हे लिहिण्याचे योजिले आहे.

नाहूर म्हणजे मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंड यांच्या मधले स्थानक. पूर्वेला खाडीकडे मिठागरे, पश्चिमेला डोंगर, आणि मधल्या पट्ट्यात एके काळी कारखान्यांचे भोंगे. आता बहुतेक भोंगे गप्प झाले आहेत आणि त्या जागी वीस-वीस, तीस-तीस मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. पण साताऱ्याकडून, कोकणातून, नगर जिल्ह्यातून पोटासाठी आलेली जुनी मंडळी अजून तेथे आहेत आणि हरिपाठाची वेळ झाली की टाळ निघतात. अशाच एका मोकळ्या जागेत मांडव घातला होता. कीर्तन आटोपले, आरती झाली, लोक पांगले. मांडवाबाहेर, कनातीच्या पलीकडे, प्लास्टिकच्या खुर्चीवर एक वृद्ध गृहस्थ सबंध कीर्तनभर बसले होते, ते उठून आले. वय पंचाहत्तरीच्या पुढचे. भांडुपच्या एका कारखान्यात लेथवर तीस वर्षे काम केलेले.

आम्ही सवयीने म्हणालो, "या माउली, आत का नाही बसलात?"

ते म्हणाले, "महाराज, मला माउली म्हणू नका. मी माळकरी नाही. वारी करत नाही, देवळात पाय ठेवत नाही, कुठल्या मंडळात नाव नाही. पण पन्नास वर्षं ज्ञानेश्वरी वाचतो. जेवणाच्या सुट्टीत वाचायचो, आता गॅलरीत बसून वाचतो. देव आहे का, हे मला ठाऊक नाही. पण त्या पुस्तकात जे सांगितलंय ते खरं आहे, एवढं कळतं. मला विचारायचं ते एवढंच. मला हे वाचायचा अधिकार आहे का? आणि मला जो अर्थ लागतो, तो धरायचा का सोडायचा?"

घसा बसला होता, जायची घाई होती. आम्ही पाठांतरातले उत्तर दिले. म्हणालो, "संप्रदायाशिवाय ग्रंथ उकलत नाही. आधी माळ घाला, चार लोकांत बसा, मग अर्थाचं बोलू."

ते क्षणभर थांबले. मग शांतपणे म्हणाले, "माझ्या बापाच्या गळ्यात माळ होती, महाराज. तरी त्याला पायरीखालीच उभं केलं होतं. तो अडाणी होता. भिंतीबाहेर उभा राहून ऐकायचा आणि ऐकलेलं घरी येऊन आम्हाला म्हणून दाखवायचा." एवढे बोलून नमस्कार करून ते गेले. गाव कोणते, देऊळ कोणते, ते त्यांनी सांगितले नाही आणि विचारायचे तोंड आम्हाला उरले नव्हते.

रात्री झोप लागेना. आम्ही लहानपणापासून पाठशाळेत लघुकौमुदी घोकली, तर्कसंग्रह, पंचदशी, भाष्य गुरुजींपुढे बसून वाचले. अधिकार हा शब्द तर वेदान्ताच्या पहिल्याच पाठात येतो. मग उत्तर देताना तो पाठ कुठे गेला होता?

आता तो पाठ पाहू. वेदान्ताचा अधिकारी कोण? ज्याच्यापाशी साधनचतुष्टय आहे तो. पहिले साधन विवेक, म्हणजे टिकणारे काय आणि जाणारे काय याची निवड. दुसरे वैराग्य. तिसरी षट्संपत्ती: शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा आणि समाधान. चौथे मुमुक्षुत्व, म्हणजे सुटण्याची तळमळ. बरे का सज्जनहो, या यादीत माळ नाही, टिळा नाही, देऊळ नाही, मंडळाची पावती नाही. जे आहे ते सगळे माणसाच्या आत आहे. पन्नास वर्षे जेवणाची सुट्टी ग्रंथाला देणाऱ्या माणसाजवळ तळमळ नाही असे कोण म्हणेल?

कोणी पंडित येथे अडवील आणि म्हणेल, ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात अपशूद्राधिकरण आहे, त्याचे काय? आहे, ते आम्ही लपवीत नाही. तेथे भाष्यकारांनी वेदाध्ययनाचे दार एका मोठ्या समाजाला बंद केले आहे. पण त्याच अधिकरणाच्या शेवटी आचार्यांनी इतिहास-पुराणांच्या द्वारे ज्ञानाचा मार्ग चारी वर्णांना मोकळा असल्याचेही म्हटले आहे. भिंत घातली, पण भिंतीत एक खिडकी ठेवावी लागली. त्या खिडकीतून हात घालून माउलींनी सगळा दरवाजाच उघडला. शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, नेवाशास त्यांनी गीता मराठीत आणली. आणि समारोपाच्या अध्यायात वेदाविषयी केवढे धाडस केले आहे पाहा. वेद श्रीमंत खरा, पण त्याचा हात आखडता, तो ठराविकांच्याच कानाला लागला, आणि ते उणे भरून काढायला गीता आली, असा त्यांचा भाव आहे. ज्या बालकाला संन्याशाचे पोर म्हणून मुंज नाकारली गेली, त्याने हे लिहिले. आमच्या संप्रदायाचा मूळ ग्रंथच धर्मसंस्थेने दाराबाहेर ठेवलेल्या माणसाचा आहे, हे आपण किती सहज विसरतो!

माउलींच्या नंतरही ग्रंथाचा अर्थ मठा-मंडपाबाहेर पुष्कळांना लागला आहे.

मुंबईत 1867 साली प्रार्थना समाज निघाला. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारखी माणसे त्यात होती. मूर्तिपूजा त्यांना मान्य नव्हती, पण त्यांच्या उपासनेत तुकोबांचे अभंग होते. त्याच काळात मुंबई सरकारच्या साहाय्याने विष्णू परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी तुकोबांची गाथा संशोधून 1869 आणि 1873 साली दोन भागांत छापली. आज ज्या गाथेवर आम्ही कीर्तने करतो, तिच्या छापील परंपरेत या पंडितांचे ऋण मोठे आहे.

1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजींनी सत्याग्रही कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने केली. 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत, दर रविवारी एक, अशी अठरा. मंडप नाही, मृदंग नाही, वक्त्याच्या मागे फड नाही की दिंडी नाही. श्रोते कैदी, आणि लिहून घेणारे साने गुरुजी. त्यातून 'गीता प्रवचने' हे पुस्तक झाले. तुरुंगाच्या भिंतीआड गीता उकलली, आणि उकलणाऱ्याच्या हाती दिवा ज्ञानेश्वरीचाच होता.

आणि आता जे सांगतो ते वारकऱ्याने मान खाली घालून ऐकावे. 31 जानेवारी 1920 रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' पाक्षिक काढले. त्याच्या शिरोभागी तुकोबांचा अभंग होता. 3 एप्रिल 1927 रोजी 'बहिष्कृत भारत' निघाले, त्याच्या शिरोभागी ज्ञानेश्वरीतल्या ओव्या होत्या. ज्या समाजाला त्या वेळी पंढरीच्या मंदिरात प्रवेश नव्हता, त्याच्या नेत्याने आपल्या पत्राच्या कपाळी आपल्याच संतांचे शब्द लावले. देऊळ बंद होते, पण शब्द त्यांना परका वाटला नाही. पुढे साने गुरुजी पंढरपुरास 1 मे 1947 पासून उपोषणास बसले तेव्हा कुठे दहाव्या दिवशी दार उघडायचे ठरले. चोखोबांची समाधी महाद्वाराच्या पायरीपाशी होऊन सहाशे वर्षे उलटली होती. 1956 साली बाबासाहेबांनी नागपुरास बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. इतक्या उशिरा दार उघडणाऱ्यांनी, माणसे बाहेर का गेली असे विचारू नये.

हे सगळे आठवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पत्ता विचारून त्या गृहस्थांच्या घरी गेलो. चौथ्या मजल्यावरची लहानशी खोली. त्यांनी चहा ठेवला. आम्ही म्हणालो, "दादा, काल आम्ही चुकलो. तुमचा अर्थ न ऐकताच उत्तर दिलं. आज ऐकायला आलोय."

त्यांनी पोथी काढली. पहिल्या पगारातून घेतलेली, नुसत्या मूळ ओव्यांची. अर्थाची पोथी मुद्दाम घेतली नव्हती. "दुसऱ्याचा अर्थ नको होता," म्हणाले. मग अठराव्या अध्यायातली तीच जागा उघडली, जिची टिपणे आमच्या पिशवीत होती. आपापले कर्म हीच सर्वात्मक ईश्वराला वाहण्याची फुले आहेत, असे माउली जेथे सांगतात ती. म्हणाले, "लेथवर उभा राहून मी हे करून पाहिलंय. माल बाहेर जातो, त्यावर आपलं नाव नसतं. तरी माप चुकू द्यायचं नाही. कुणी बघत नसताना माप बरोबर ठेवलं की आत काहीतरी स्वच्छ होतं. देव असो नसो, ते स्वच्छ होणं खरं आहे."

आम्ही त्या ओव्यांवर शेकडो कीर्तने केली असतील. इतका नेमका दृष्टान्त आम्हाला कधी सुचला नव्हता.

पण ते पुढे म्हणाले, "माझं जाऊ द्या. माझ्या बापाचं कर्म काय होतं? मेलेली ढोरं ओढणं. ते त्यानं निवडलं नव्हतं, गावानं त्याच्यावर लिहिलं होतं. त्याचीही फुलंच का, महाराज? मग ती वाहायला त्याला आत का घेतलं नाही? आणि फुलं असतील, तर मी ते काम सोडून मुंबईला पळून आलो, ते पाप का?"

चहा निवला. आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते, आणि तसे आम्ही त्यांना सांगितले. हा प्रश्न घेऊन परत आलो. त्यावर जे चिंतन झाले ते आता मांडतो. पटते का ते वाचकांनी पाहावे.

ग्रंथाचे तात्पर्य कशावरून ठरवावे, याची सहा लक्षणे आमच्या शास्त्रकारांनी सांगितली आहेत: उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. ग्रंथात लिहिलेले प्रत्येक वाक्य म्हणजे ग्रंथाचे तात्पर्य नव्हे. ते या सहा कसोट्यांवर घासून काढावे लागते. त्यांतल्या तीन येथे पुऱ्या आहेत.

पहिली उपक्रम आणि उपसंहार. ज्ञानेश्वरीचा आरंभ होतो तो ज्याला आपणच आपल्याला जाणायचे त्या आत्मरूपाला नमन करून, आणि शेवट होतो पसायदानाने. त्या दानात दुष्टांची वाकडी बुद्धी सरावी आणि प्राणिमात्रांत मैत्र व्हावे असे मागणे आहे. जातीचे नाव आरंभी नाही, शेवटीही नाही. दुसरी अभ्यास, म्हणजे वारंवार आलेली गोष्ट. सर्वांभूती एकच वस्तू भरली आहे, हे माउली किती ठिकाणी आणि किती दृष्टान्तांनी सांगतात! नवव्या अध्यायात तर भक्तीपुढे कुळ आणि जात यांचे मोलच उरत नाही असे स्पष्ट करतात. तिसरी अपूर्वता, म्हणजे अन्य प्रमाणांनी कळत नाही ते सांगणे. कोणी कोणते काम करावे ही गावगाड्याची रीत त्या काळी पोरासोरालाही ठाऊक होती. ती सांगायला ग्रंथ कशाला हवा? जे लोकांना आधीच ठाऊक आहे त्याचा उल्लेख म्हणजे अनुवाद. अनुवादात तात्पर्य नसते. मनापासून केलेले काम हीच पूजा होय, तिला भटजी लागत नाही आणि गाभारा लागत नाही, ही बातमी मात्र अपूर्व होती. तात्पर्य तिच्यात.

पूर्वपक्षी म्हणेल, वर्णधर्म शास्त्रावरूनच कळतो, मग तो अनुवाद कसा? त्याचे म्हणणे पोकळ नाही. पण क्षणभर तो विधी मानला, तरी ज्या गीतेचा उपसंहार सगळे धर्म बाजूला ठेवून एकाला शरण जाण्यात होतो, तिचे तात्पर्य माणसाला जन्माच्या कामाशी जखडण्यात आहे असे म्हणणे उपक्रम-उपसंहाराच्या विरुद्ध जाईल. म्हणून आमचा निर्णय असा. दादांच्या वडिलांनी कष्ट केले, ते कष्ट पवित्र. ज्यांनी ते त्यांच्यावर लिहिले, त्यांचे लिहिणे पवित्र नव्हे. आणि दादा मुंबईस आले ते पाप नव्हे.

इतके झाल्यावर कोणी म्हणेल, मग संप्रदाय हवा कशाला? पोथी विकत मिळते, घरी बसून वाचावी. तर तसेही नाही. एक लहान गोष्ट सांगतो. दादा वाचत असता 'नावेक' हा शब्द आला. त्यांनी तो इतकी वर्षे 'एक नाव', म्हणजे होडी, असा धरला होता आणि त्यावर एक सुरेख अर्थही बसविला होता. आम्ही सांगितले, "दादा, त्या काळच्या मराठीत नावेक म्हणजे क्षणभर." ते मोठ्याने हसले. म्हणाले, "चाळीस वर्षं होडीत बसलो होतो की!" शब्दाची चूक अशी हसण्यावारी जाते. पण एकट्याने लावलेल्या अर्थात आपली आवडही मिसळते, आणि तिला हटकणारे कोणी नसते. आपल्याला सोयीचे तेवढे उचलणे म्हणजे वाचन नव्हे. माउली श्रोत्यांपुढे लीन होऊन उणेअधिक सांभाळून घ्या म्हणतात, ते एवढ्यासाठीच.

शिवाय ती पोथी दादांच्या हाती आली कशी? नाथमहाराजांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, निरनिराळ्या प्रती पाहून ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. तुकोबांची गाथा पंडितांनी छापली खरी, पण छापायला हस्तलिखिते मिळाली ती देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथे पिढ्यान्‌पिढ्या जपली होती म्हणून. माळकऱ्यांनी जपले नसते तर बिनमाळेच्या वाचकाला वाचायला काय उरले असते? दादांचे वडील भिंतीबाहेर ऐकत होते, तर आत कोणीतरी म्हणत होते. आतल्यांचा अपराध मोठा, पण आतल्यांची सेवाही खरी. दोन्ही गोष्टी एकाच वेळी कबूल केल्या पाहिजेत.

संप्रदाय या शब्दाची फोड पाहा. सम्, प्र आणि दा धातू. दा म्हणजे देणे. नीट, पुरते, पुढच्याच्या हाती पोचेल असे देणे तो संप्रदाय. ज्याच्या नावातच देणे आहे त्याने दाराशी पहारा करावा, हे व्याकरणालाही धरून नाही! आम्ही त्या रात्री मांडवात पहारा केला. देणे विसरलो.

परत निघताना दादांना विचारले, "उद्या काल्याला याल ना?" ते म्हणाले, "येईन. पण खुर्ची बाहेरच ठेवीन. बापाची जागा तीच होती." आम्ही आग्रह केला नाही. काल्याच्या कीर्तनास ते आले आणि कनातीबाहेर बसले. तेव्हा मंडळाच्या चालकांना विनंती करून आम्ही त्या बाजूची कनात सोडवून घेतली. ते जागचे हलले नाहीत. पण आमचा आवाज त्यांना कापडाआडून ऐकावा लागला नाही, एवढे झाले. लेथवरच्या मापाचा दृष्टान्त त्या दिवशी आम्ही मांडला आणि तो कोणाचा तेही सांगितले.

तात्पर्य काय, सज्जनहो? ग्रंथाचा अर्थ कोणाच्या मालकीचा नाही. तो तळमळीला वश आहे. पण अर्थ निकोप राहायचा तर त्याला सोबत हवी, कान हवे, हटकणारा हवा. आपल्या आळीत, चाळीत, इमारतीत असा एखादा एकटा वाचक असेल. मंदिरात येत नसेल, कदाचित देवही मानीत नसेल. त्याला आधी माळ दाखवू नका. त्याच्यापाशी जाऊन बसा आणि त्याला काय अर्थ लागला ते आधी ऐका. त्याचे चुकत असेल तर प्रेमाने सांगा, आपले चुकत असेल तर कबूल करा. येत्या आषाढीला कोणाच्या तरी पायांत वारी घडेल, कोणाच्या गॅलरीत पारायण घडेल. पांडुरंग कोणाचे आधी ऐकतो हे ठरविण्याचा अधिकार मात्र आपल्यापैकी कोणालाच नाही.

रामकृष्णहरि.